क्षेत्र सहायक : एक

"चहा तूच दे," सर म्हणाले. "शिपाई रजेवर आहे."

आत कमिटी बसली होती. संशोधनाला अनुदान द्यायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. पहिला प्रस्ताव मी लिहिलेला. आमच्या बोरीत आणि आजूबाजूच्या गावांत बाया घरी तुरीची डाळ करतात, आठवडी बाजारात विकतात. त्या धंद्याचा अभ्यास. दोन वर्षं मी त्यासाठी गावोगाव फिरले होते. सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक. प्रस्ताव त्यांच्यामार्फतच जाणार, म्हणून त्यांच्याकडे दिला होता.

मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा पडद्यावर माणसांच्या नावांचं पान होतं. प्रमुख संशोधक म्हणून सरांचं नाव. सहसंशोधक म्हणून त्यांच्या मित्राचं. त्याखाली लिहिलं होतं, क्षेत्र सहायक : एक.

ते एक म्हणजे मी.

बाहेरून आलेले एक तज्ज्ञ म्हणाले, "याला व्यवसाय कसं म्हणायचं? हे तर घरकाम झालं. यात ज्ञान कुठं आहे?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिची आई हेच करते. नमुना घरचाच आहे."

सगळे हसले. तज्ज्ञांनी कप उचलला आणि मला विचारलं, "गाव कोणतं?"

"बोरी."

"बोरीत कुठल्या बाजूला?"

हा प्रश्न आमच्याकडं शाळेपासून ओळखीचा. सरळ जात विचारायची नसते तेव्हा बाजू विचारतात. मी बाजू सांगितली. ते मान हलवून म्हणाले, "तरीच मेहनती दिसते."

मला राग आला नाही. खोटं कशाला सांगू. काहीच वाटलं नाही. हात अंगाखाली दबून बधीर होतो, तसं सगळं अंग झालं होतं. कप गोळा केले. बेसिनवर धुतले. पुसून पालथे घातले. मग टेबल पण पुसलं. ते तर कुणी सांगितलंही नव्हतं.

पंधरा दिवसांनी सर खुशीत होते. अनुदान तत्त्वतः मंजूर. फक्त ज्या बायांवर अभ्यास होणार त्यांची लेखी संमती पाहिजे होती. त्यांनी कागदांचा गठ्ठा आणि शाईचा पॅड माझ्या हातात दिला. म्हणाले, सह्या घे, ज्यांना येत नाही त्यांचे अंगठे घे, मजकूर आपण नंतर छापू. कागद कोरे होते. काय मजकूर, मी विचारलं.

"तुला काय करायचंय?"

मी गठ्ठा पिशवीत घातला आणि जिंतूरची बस धरली.

घरी माय अंगणात तूर वाळवत होती. भिजवून, लाल माती लावून पसरलेली तूर. ती एकेक दाणा दाताखाली धरून बघते, भरडायला कधी घ्यायची ते त्यावर ठरवते. बोलावल्यावर शेजारच्या चौघी आल्या. गंगूकाकू सगळ्यांत म्हातारी. तिनं काही न विचारता अंगठा पुढं केला. मी पॅड उघडून धरला. तिनं अंगठा शाईत टेकवला.

तो कागदावर उमटायच्या आत मायनं कागद उचलला. उलटा करून पाहिला. तिला वाचता येतं, हळूहळू.

"ह्याच्यावर काय लिव्हलंय?"

"काई न्हाई."

"मग अंगठा कशाचा?"

"ते नंतर लिव्हणारेत."

"काय लिव्हणारेत?"

मला माहीत नव्हतं.

माय चिडली नाही. नुसतं म्हणाली, "म्हंजी तुला बी म्हाईत न्हाई. आन तरी तू आमचा अंगठा मागायलीस."

मी पॅड मिटला. गंगूकाकूनं निळा अंगठा लुगड्याला पुसला. म्हणाली, "पोरगी आपलीच हाय, म्हून दिला मी."

तेव्हा कुठं मला दुखलं. कमिटीच्या खोलीत दुखलं नव्हतं, ते आता दुखलं. तिथं जे माझं केलं होतं, तेच मी इथं आणलं होतं. आणि आपली म्हणून आणलं होतं.

मग मी पिशवीतून तो इंग्रजी प्रस्ताव काढला आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागले. 'या महिलांकडे तंत्रज्ञानाचा अभाव आहे' इथं गंगूकाकूनं थांबवलं. सरांनी घातलेली ओळ होती ती. काकूनं विचारलं, ढगाळ दिवशी तूर किती वाळवायची, त्या सायबाला सांगता येतं का? दुसरी म्हणाली, चांगली तूर बाजारातून मिलवाले आधीच उचलतात आणि आमच्या वाट्याला राहिलेली येते, हे का न्हाई लिव्हलं? मी वही काढली. त्या सांगत राहिल्या. दोन वर्षं त्यांना जे विचारत होते, त्याहून हे वेगळं होतं. कारण आज प्रश्न त्या विचारत होत्या.

सोमवारी कोरे कागद सरांच्या टेबलावर ठेवले.

"सह्या कुठं आहेत?"

"न्हाईत. कागद कोरे होते."

कॉलेजात मी जपून, पुस्तकी बोलायची. त्या दिवशी जपलं नाही.

सर हळू आवाजात म्हणाले, "तुझी पीएचडी माझ्या सहीवर आहे."

"म्हाईत हाय, सर."

बाहेर येऊन मी कमिटीला पत्र दिलं. प्रस्ताव मी लिहिलाय, नोंदी माझ्या आहेत, बायांनी संमती दिलेली नाही. पोच म्हणून शिक्का मारून घेतला.

अनुदान थांबलं. सरांचं काही झालं नाही. माझ्या सहामाही अहवालावर मात्र सही झाली नाही, आणि पुढं पीएचडीची नोंदणीच गेली. एका मॅडमनी जिन्यात गाठून सांगितलं, बरं केलंस. मार्गदर्शक व्हाल का, असं विचारलं तर त्या खाली बघायला लागल्या.

आता मी एका ज्युनियर कॉलेजात तासांवर शिकवते. गेल्या वर्षी माय, त्या चौघी आणि मी, अशा सहाजणींच्या नावानं त्याच अनुदानासाठी अर्ज केला. मान्यताप्राप्त संशोधक नाही, असं लिहून तो परत आला. यंदा पुन्हा केलाय. परत आला तर पुढच्या वर्षी पुन्हा करू. बोलावलं तर सहाजणी जाणार. सहा खुर्च्या मागणार. उत्तरं माय देईल, गंगूकाकू देईल. त्यांना इंग्रजी येत नाही.

कमिटीला मराठी येतं.