ढलप्यांचा थर

गल्लीत त्याला भुसाशेठ म्हणतात. शेठ म्हणावं असं त्याच्याकडे एकच आहे, फांद्या दळायचं मशीन, तेही जुनं घेतलेलं. टेम्पोमागे ते बांधून तो बागाबागांतून हिंडतो. छाटलेली फांदी बुडख्याकडून मशीनच्या तोंडात द्यायची; आतली पाती तिच्या ढलप्या करून पलीकडे फेकतात. ओला पाला एकदम कोंबला की मशीनचा घसा चोंदतो, म्हणून मधूनमधून वाळकी काटकी चारायची. मालकांना तो सांगतो, "कचरा म्हणू नका याला. झाडाखाली पसरा, पाणी कमी लागेल, पुढे खत होईल. फक्त खोडापासून वीतभर लांब." बहुतेक जण म्हणतात, तूच घेऊन जा.

तो पोती भरून घरी आणतो. घरात एकटाच असतो. बायको लेकीच्या बाळंतपणाला दूरच्या शहरात गेली, ती तिकडचीच झाली. आधी बाळ लहान होतं, मग लेकीची नोकरी सुरू झाली, आता नातवाला शाळेतून आणायला कुणीतरी हवं. कारण दर वेळी खरंच असतं, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. तो एकदा जाऊन आला. बाराव्या मजल्यावर चार दिवस हात मांडीवर ठेवून बसला आणि परतला.

मागच्या अंगणात तिचे गुलाब होते. घरात तिचं म्हणून वाढणारं तेवढंच उरलेलं. जाताना ती म्हणाली होती, "गुलाबांकडे बघा जरा." त्याला बघण्याचा एकच प्रकार ठाऊक, ढलप्या. पहिला थर बेताचा होता. मग ज्या दिवशी 'नंतर बोलते' म्हणून फोन लवकर संपे, त्या संध्याकाळी तो एक पोतं रिकामं करी. हाताला काम मिळे, ओल्या लाकडाचा वास येई, बरं वाटे.

परवा मेहुणी आली, दारातूनच म्हणाली, "भाऊजी, ताई येतेय. पंधरा दिवस. घर झाडून ठेवा, नाहीतर मलाच बोलणी बसतील."

बोलत बोलत ती मागे गेली आणि थबकली. "अति तिथे माती म्हणतात. इथे मातीच दिसेना की हो."

तो गुडघ्यावर बसून हातांनी ढलप्या उपसू लागला. खालचा थर कोमट आणि चिकट होता. खोडाला बोट लावलं तर उकडलेल्या बटाट्यासारखी साल सुटून आली. दुसऱ्या रोपाचं तेच, तिसऱ्याचं तेच.

"जगाला वीतभर लांब सांगता ना तुम्ही?"

"सांगतो."

"मग इथे काय झालं होतं?"

तो उपसत राहिला. मेहुणीचा आवाज जरा खाली आला. "नर्सरीतून फुललेले आणून लावा. ताईला काय कळतंय."

तो गेलाही. लाल गुलाबाची कुंडी उचलली, टेम्पोपर्यंत आणली आणि परत नेऊन ठेवली. पंधरा दिवस ती दुसऱ्याच कुणाच्या तरी झाडांना पाणी घालेल, हे त्याला बघवणार नव्हतं.

संध्याकाळी त्याने फोन लावला. "गुलाब कुजले. माझ्या हातून."

पलीकडे नातू काहीतरी आपटत होता. "सगळे?"

"भिंतीकडचा एक हिरवा आहे. त्याची मान मोकळी केली."

"अहो, एवढं कशाला घालत गेलात?"

"माती सुकली असती."

"मशीनवाल्याने असं करावं?" ती हसली, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "छाटू नका हं त्याला. मी बघते आल्यावर. पण पंधरा दिवसांत काय कळणार, जगतोय का नाही ते."

"नाही कळायचं." मग इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं त्याने विचारलं. "परतीचं तिकीट काढलंस?"

"काढलंय."

नातवाचं आपटणं थांबलं होतं.

"पुढे ढकलता येतं का, विचारते जावईबापूंना," ती म्हणाली.

एरवी तो 'घाई नाही, तिकडचं बघ आधी' असं म्हणून फोन ठेवायचा. या वेळी म्हणाला, "आजच विचार."