सिस्टरचं एकशे अडतीस

माझ्या सासूबाईंना आमच्या घरात आणि गल्लीत सगळे सिस्टर म्हणतात. सासरेसुद्धा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, नवऱ्याने बायकोला मारायची ही काय हाक झाली? महिनाभरात मीही सिस्टरच म्हणायला लागले. त्या चौकातल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, आणि नोकरी दवाखान्यात ठेवून घरी येणं त्यांना कधी जमलेलं नाही.

दवाखान्यात त्यांच्याकडे प्रेशर मोजण्याचं काम. जिना चढून गेलं की डावीकडची खोली. पत्र्याचं टेबल, दोन खुर्च्या, पाऱ्याचं जुनं यंत्र आणि कधीच नीट न लागणारी खिडकी. माणूस धापा टाकत आला की त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, घरची विचारपूस करायची आणि मग दंडाला पट्टा बांधून कानाला स्टेथोस्कोप लावायचा. इथपर्यंत सगळं शिकवल्यासारखं. पुढचं मात्र त्यांचं स्वतःचं. आकडा जास्त आला तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायच्या नाहीत. "घाबरलात जरा, थांबू या," म्हणून परत मोजायच्या. परत जास्त आला तर आणखी एकदा. तरीही पारा ऐकेना, तर सिस्टर त्या यंत्राकडे असं बघायच्या की जणू तेच आगाऊपणा करतंय, आणि कार्डावर लिहून टाकायच्या, एकशे अडतीस.

एकशे चाळीस आणि त्याच्या पुढे गेलेल्या माणसाचं प्रेशर वाढलेलं धरायचं, असा तिथला नियम. पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या रेघा असतात, त्यामुळे चाळीसच्या खालची पहिली रेघ अडतीसची. सिस्टरनी अर्धी वस्ती त्या रेघेवर आणून बसवली होती. "बॉर्डरवर आहे. मीठ कमी करा, चालत जा," असं सांगून त्या पाठीवर हात ठेवायच्या आणि माणूस खुशीत जिना उतरायचा. अगदीच हाताबाहेर गेलेल्यांना तेवढं त्या गुरुवारच्या डॉक्टरांकडे पाठवायच्या. हे हृदयाचे डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे आणि त्यांच्यासाठी सकाळपासून रांग लागायची.

मला हे सगळं ठाऊक होतं, कारण सिस्टर ते लपवत नव्हत्या. उलट स्वयंपाक करता करता कौतुकाने सांगायच्या. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आमच्याकडे लोक रांगेत उभे असताना तक्त्यावरची अक्षरं पाठ करून ठेवतात आणि खुर्चीत बसल्यावर घडाघडा म्हणून दाखवतात. मग चुकीच्या नंबरचा चष्मा घेऊन जातात आणि आठवड्याने माझ्याशीच भांडायला येतात. हे मी सिस्टरना ऐकवलं.

"तुझ्याकडे निदान चष्मा मिळतो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे काय मिळतं? धास्ती. आकडा ऐकून लोकांची झोप उडते गं. आणि झोप उडाली की प्रेशर आणखी चढतं. एका कार्डावरच्या एका आकड्याने कोणाचं काय बिघडतं?"

बोलण्यात मी त्यांना कधीच हरवू शकले नाही. शिवाय त्यांचं लोकांवर खरंच प्रेम आहे, आणि प्रेम करणाऱ्या माणसाशी वाद घालताना आपणच दुष्ट वाटायला लागतो. मला त्याचा फार राग यायचा.

मग एक दिवस मुख्य कार्यालयातून एक मुलगी आली. पाठीवर सॅक, हातात गुंडाळलेला मोठा कागद. सिस्टरनी तिला लगेच आलेखवाली असं नाव दिलं. तिने तो कागद दवाखान्याच्या भिंतीवर लावला. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांत प्रेशर आटोक्यात असणारी माणसं आमच्या दवाखान्याची सर्वांत जास्त, असं त्या रंगीत पट्ट्यांवरून कळत होतं. टाळ्या झाल्या, सिस्टरना गुलदस्ता मिळाला, फोटो निघाला. सासऱ्यांनी तो फोटो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून भंडावून सोडलं. सिस्टर निवृत्तीला आल्या होत्या. जाताना असा मान मिळाला म्हणून आम्हीही खूश होतो.

पण आलेखवाली जाता जाता आणखी एक आनंदाची बातमी देऊन गेली. आमच्याकडे आता गरज उरली नाही, म्हणून गुरुवारचे डॉक्टर पुढच्या महिन्यापासून नदीपलीकडच्या दवाखान्यात बसणार. तिथले आकडे फार वाईट होते.

त्या संध्याकाळी सिस्टर चपला न काढता स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी चहा पुढे केला, तो तसाच निवला.

"माझ्या रांगेतल्या लोकांना नदीपलीकडे जायला जमणार आहे का?" त्या म्हणाल्या. "अर्ध्यांना जिना चढवत नाही."

"पण सिस्टर, कागदावर ते सगळे ठणठणीत आहेत," मी म्हटलं. जरा टोचूनच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि निवलेला कप बाजूला सारला. बोलण्यात मी त्यांना पहिल्यांदाच हरवलं होतं, आणि मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

सासरे बाहेरच्या खोलीतून सिस्टरना म्हणाले, "गप्प बस आता. थोडेच दिवस राहिलेत. कोणाला कळलंय?"

"कोणाला कळलं नाही म्हणून तर डॉक्टर चाललेत," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात गेल्या. एकटीने जायचं धाडस होईना, म्हणून मला बरोबर घेतलं. आलेखवाली कौतुकाने उठून उभी राहिली. सिस्टरनी तिला खुर्ची ओढूसुद्धा दिली नाही. पहिल्याच वाक्यात सगळं सांगून टाकलं. "आकडे मी लिहिले, पण ते लोकांचे नव्हते, माझ्या मनातले होते."

ती मुलगी परत खाली बसली. मग तिने संगणकावर आमच्या दवाखान्याचा आलेख उघडला. एकशे अडतीसवर एक उंच खांब उभा होता आणि त्याच्या पुढे जवळजवळ सपाट मैदान.

"मला हा दिसला होता," ती म्हणाली. "मला वाटलं तुमचं मशीन अडकतंय. नवीन मशीनची मागणीही करून ठेवलीय मी. तुमच्यावर संशय घ्यावा असं डोक्यातच आलं नाही, सिस्टर."

सिस्टरचे डोळे भरून आले. त्या शिव्या खायची तयारी करून गेल्या होत्या, विश्वासाची नव्हती.

"मग डॉक्टर राहतील ना आमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर एकच आहेत," आलेखवाली म्हणाली. "नदीपलीकडचे लोकही खरोखर आजारी आहेत. तिथल्या नर्सने खरं लिहिलं, एवढंच. तुम्ही सगळ्यांचं नव्याने मोजा. जे येईल ते लिहा. मग बघते मी."

सिस्टरनी नव्याने मोजायला घेतलं. बसवायचं, पाणी द्यायचं, दोनदा मोजायचं आणि जे येईल ते लिहायचं. वस्तीत हाहाकार उडाला. भाजीवाली म्हणाली, "सिस्टर, पूर्वी तुमच्याकडून जाताना बरं वाटायचं, आता आजारी होऊन जाते." एकजण तर म्हणाला की सिस्टरना कानाने कमी ऐकू यायला लागलंय, त्यांना सुट्टी द्या. सिस्टर सगळं ऐकून घ्यायच्या. धास्तावलेल्या माणसाला थांबवून पुढे काय करायचं ते नीट सांगायच्या, गोळी का घ्यायची, कधी घ्यायची. त्याला वेळ लागायचा, घरी यायला उशीर व्हायचा. भिंतीवरचा कागद आलेखवालीने काढून नेला आणि नवीन लावला. त्यात आमचा दवाखाना तळाशी होता.

डॉक्टर मात्र पूर्ण गेले नाहीत. एक गुरुवार आमच्याकडे, एक नदीपलीकडे, असं ठरलं. गुरुवार निम्मे झाले, त्यामुळे ज्याचं प्रेशर सर्वांत जास्त तो रांगेत आधी, असा नियम आला. आणि त्यासाठी राहिलेल्या माणसांचं मोजून टाकताना सिस्टरनी एका सकाळी सासऱ्यांना खुर्चीत बसवलं.

"माझं कशाला? माझं बॉर्डरवर आहे," सासरे म्हणाले. गेली कित्येक वर्षं ते हेच सांगत आले होते, आणि ते त्यांना सिस्टरनीच सांगितलं होतं.

पारा एकशे बहात्तरवर थांबला. सिस्टरनी हवा सोडली, थोडा वेळ थांबून परत मोजलं. परत तेच. त्यांनी पट्टा सोडला आणि कार्ड पुढे ओढलं.

"थोडं कमी लिही ना," सासरे हसत म्हणाले.

सिस्टरनी एकशे बहात्तर लिहिलं. रांगेत सासऱ्यांचा नंबर पहिल्या चारात आला.

त्या गुरुवारी मी दुकानातून सुट्टी काढली आणि तिघे मिळून गेलो. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी काढली, मग आतल्या खोलीत नेऊन पडद्यावर हृदय बघितलं. बाहेर येऊन म्हणाले, "हृदयाची भिंत जाड झालीय. गोळ्यांनी सांभाळता येईल, पण हे एका दिवसात होत नाही. किती दिवसांपासून वाढलंय प्रेशर?"

"हल्लीच," सासरे घाईने म्हणाले.

"नाही डॉक्टर," सिस्टर म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या, टेबलाला धरून उभ्या होत्या. "बरीच वर्षं आहे. मोजत मीच होते. मी कमी लिहीत आले."

मी सिस्टरच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरांनी मान वर केली नाही, कार्डावर लिहीत राहिले.

सासरे बाहीची बटणं लावत होते. ती लावून झाल्यावर म्हणाले, "तिचं एकटीचं नाव नका लिहू, डॉक्टर. तिने बॉर्डरवर म्हटलं की मला बरं वाटायचं. मी तेच ऐकायला तिच्याकडे जायचो. तेही लिहा."