तिकडची कपात, इकडची आत्या

माझे धाकटे दीर जर्मनीत यंत्रांच्या एका कंपनीत आहेत. रविवारी दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा सकाळ असते आणि भाऊजी हातात कॉफी घेऊन तिथल्या सरकारच्या नावाने बोटं मोडत असतात. “निम्मा पगार कापून घेत्यात वहिनी, निम्मा!” असं ते पहिल्यांदा म्हणाले, तेव्हा मला त्यांची खरंच दया आली होती.

“कशाला कापत्यात एवढं?” मी विचारलं.

“आजारपणाला, पेन्शनीला. नोकरी गेली तर घरी बसल्यावर मिळावं म्हणून. आन एक कपात म्हाताऱ्या माणसांसाठी हाय, अंथरुणाला खिळलेल्या.”

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. घरी तपासणीचा माणूस येऊन बघून जातो. म्हातारीला कूस बदलता येते का, हाताने जेवता येतं का, आणि त्याप्रमाणे मदतीची पायरी ठरते. धुवायला-पुसायला बाई येते. घरातलीच लेक किंवा सून ते करत असेल तर त्याचे पैसे मिळतात आणि तिची ती वर्षं तिच्या पेन्शनीत धरली जातात. हे सगळं ते सांगत होते तेव्हा मी फोन कपाटाला टेकवून त्यांच्याच आईच्या खालची ओली चादर ओढून काढत होते.

“म्हंजी मी तिकडं असते तर मला पैसे मिळाले असते?”

“मिळाले असते की!” भाऊजी हसले. मीही हसले. दुसरं काय करणार?

सासूला मी आत्या म्हणते. आत्यांच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. भाऊजींच्या पगारातून तिथल्या परक्या म्हाताऱ्यांसाठी कपात होते आणि त्यांची स्वतःची आई इथे लासुर्ण्यात माझ्या हातावर आहे. कर आपण भरत नाही असं थोडंच आहे? साबणावर भरतो, रिचार्जवर भरतो, आत्यांच्या गोळ्यांवर भरतो. निराधारांची पेन्शन आत्यांना मिळेल का, म्हणून मी एकदा कचेरीत चौकशी करायला गेले, तर तिथला माणूस म्हणाला, “ल्योक जर्मनीत, आन ह्या निराधार?” मी आपली उन्हातून परत आले.

मी बारामतीच्या एमआयडीसीत कपड्यांच्या कंपनीत शिवणावर होते, ठेकेदारामार्फत. आमच्याकडे ब्रेक नावाची एक गोष्ट असते. काही महिने काम केलं की ठेकेदार म्हणतो, आता ब्रेक घ्या. घरी बसायचं. मग पुन्हा बोलावणं येतं, नवं कार्ड मिळतं आणि आपण पुन्हा नव्याने लागलेली बाई होतो. माझ्या बोटांना त्या मशीनची इतकी सवय की डोळे मिटून कॉलर बसवीन, पण कागदावर मी कायम नवी. भाऊजींना हे सांगितलं तेव्हा त्यांना आधी कळेचना. “पण कामगार तर त्योच हाय ना?” म्हणाले. मी म्हटलं, तेच तर आम्ही विचारतोय.

आत्या पडल्या तेव्हा माझा ब्रेक चालू होता. “बरं झालं, तू घरीच हायेस,” असं जो येईल तो म्हणायचा. बोलावणं आलं तेव्हा मी येत नाही म्हणून कळवलं. त्यानंतर आत्या आणि मी, दिवसभर एकाच खोलीत. भरवायचं, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, ओलं काढायचं. मशीनच्या आवाजाची मला आठवण यायची, हे कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

आणि अचानक सुपरवायझरबाईंचा फोन आला. या वेळी ठेकेदार नाही, कंपनी स्वतः थोड्या बायका कायम करून घेणार होती. माझं नाव त्यांनी पुढे केलं होतं. पहिल्या तारखेपासून यायचं, आणि सुरुवातीला एकही खाडा चालणार नाही. फोन ठेवला आणि मला चक्क रडू आलं. कायम! म्हणजे आजारी पडले तरी मी तिथली, म्हातारी झाले तर हातात काहीतरी. भाऊजींना तिकडे नुसतं कामावर असण्याने जे मिळतं, ते मला एवढ्या वर्षांनी मिळत होतं.

आमच्या आळीतली एक विधवा बाई दिवसभर आत्यांजवळ थांबायला तयार होती. रविवारी मी भाऊजींपुढे विषय काढला. नवरा शेजारी बसला होता.

“भाऊजी, दिवसा बाई ठिवूया. तिकडं येतीच की बाई, तुमच्याच पैशानं.”

“तिकडचं निराळं वहिनी. पैशाचा प्रश्न न्हाय. पण दोन ल्योक असताना पगारी बाई आईचं हागणं-मुतणं काढणार? गावात तोंड दाखवता येईल का आमाला?”

“लोक शेण घालत्याल तोंडात,” नवरा म्हणाला.

दोन्ही लेकांनी ते हागणं-मुतणं कधी काढलं नव्हतं. सून ते फुकट काढते, म्हणून त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ज्या कामाला तिथे भाऊजी रीतसर पैसे मोजतात, तेच काम इथे पैशाने केलं की त्यांची अब्रू जाते! माझा असा संताप झाला की मी म्हणाले, “मग मी जाणार. बाई ठिवा, न्हायतर नका ठिवू.” आत्या समोरच्या खाटेवर पडून सगळं ऐकत होत्या.

मी गेले. बाई काही ठेवली नाही. पहाटे उठून आत्यांचं सगळं आवरायचं, चहात बिस्कीट भिजवून भरवायचं आणि फाट्यावर कंपनीची बस धरायची. नवरा टेम्पोवर असतो, पेरू-डाळिंबाच्या फेऱ्या करतो. दुपारी मधेच घरी येऊन तो आईला दूध-भाकरी भरवायचा, पाणी द्यायचा. “पाणी नगं म्हणतीया,” असं त्याने मला एक-दोनदा सांगितलं. थंडीचे दिवस आहेत, लागत नसेल तहान, असं मी म्हटलं. संध्याकाळी मी दिलेलं त्या घोटभर प्यायच्या.

आणि चादर कोरडी! जाताना घातलेली चादर संध्याकाळी तशीच्या तशी. मला कोण आनंद झाला. आत्यांच्या शरीराला ठरावीक वेळेची सवय लागली, सगळं मार्गी लागलं, असं मी समजले. आळीतल्या बायकांना सांगितलं. रविवारी भाऊजींना तर तोऱ्यात सांगितलं, “बघा, बसलं का न्हाय जमून?” त्यांनाही बरं वाटलं.

मग एका सकाळी आत्यांचं अंग तव्यासारखं भाजत होतं. हाक मारली तर डोळे उघडेनात. नवऱ्याने टेम्पोतच गादी टाकली आणि आम्ही बारामतीला दवाखान्यात आलो. त्या दिवशी माझी बस चुकली. डॉक्टरांनी तपासलं, जीभ पाहिली आणि आमच्याकडे वळून विचारलं, “पाणी पाजत होता की नाही यांना? पार कोरड्या पडल्यात. लघवीत जंतू झालेत.”

दुसऱ्या दिवशी आत्या शुद्धीवर आल्या. मी चमच्याने पाणी लावलं, तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. पुन्हा लावलं, तर तोंड फिरवलं. मी चिडले. “का म्हणून? मला घोर लावायचा हाय का?” त्या जड जिभेने एकेक शब्द ढकलत म्हणाल्या, “चादर... वली झाली... तर तुला... बोलवत्याल कामावरनं.”

कोरड्या चादरी मी अख्ख्या आळीला अभिमानाने सांगितल्या होत्या, आणि ही बाई माझ्या नोकरीसाठी घसा कोरडा करून पडून होती. मला स्वतःची शरम वाटली, नवऱ्याची, भाऊजींची, सगळ्या जगाची. ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण बाजूच्या खाटेवरची माणसं बघत होती.

“आत्या, नोकरी सोडली मी,” मी म्हणाले. “आता घरीच हाय. प्या.”

ते खोटं होतं. मी फक्त खाडा केला होता. आत्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, तोंड उघडलं आणि पेला संपेपर्यंत मिटलंच नाही.

पुढचे दिवस त्यांच्या खाटेशेजारी गेले. घरी आणल्यावर मी सुपरवायझरबाईंना फोन लावला. त्यांना वाईट वाटलं, पण माझ्या जागी दुसरी घेतली होती. “आता पुन्हा ठेकेदाराकडंच विचारा,” म्हणाल्या.

रविवारी भाऊजींचा कॉल आला. आईला बघून त्यांना हुंदका फुटला. तिकडे असं झालं असतं तर चौकशी लागली असती, असं म्हणाले. मग डोळे पुसून म्हणाले, “वहिनी, लोक काय म्हणायचं त्ये म्हणू द्यात. बाई ठिवा. मी पाठवतो पैसे.”

मी आत्यांच्या तोंडाला पेला लावला होता. त्या पीत होत्या.

“आता कशाला बाई, भाऊजी?” मी म्हणाले. “मी हाय की घरी.”