चाकाजवळची पुसलेली जागा

जानेफळच्या शाळेच्या फाटकावर सत्काराचा मोठा फ्लेक्स लागला होता: 'गावचा भाचा पायलट, गावाची मान ताठ.' भाचा! म्हणजे माझ्या आत्याचा पोरगा. जन्मला चिखलीत, वाढला चिखलीत, आमच्या गावात यायचा तो दिवाळीच्या सुटीपुरता. आणि मी? याच गावचा, याच शाळेचा, आणि त्याच्याच विमान कंपनीत त्याच्या कितीतरी आधीपासून देखभालीचा इंजिनिअर. माझा फ्लेक्स कधी लागला नाही. मला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. साफ खोटं. भयंकर वाटायचं.

सुटीवर आलो की सलूनमध्ये ठरलेला प्रश्न असायचा. "तू काय करतं बे विमानात?"

"उडायच्या आधी तपासतो. माह्या सहीबिगर ते जागचं हालत नाही."

"म्हंजे मेस्त्रीच ना?"

"हाव बाप्पा, मेस्त्री."

मग सलूनवाला वस्तरा थांबवून आत्याच्या पोराची चौकशी करायचा. तो ढगात कसा जातो, त्याला भीती वाटते का, त्याच्या टोपीवर सोन्याची पट्टी असते का. माझा अर्धा गाल साबणाचा तसाच वाळून जायचा.

बारावीला मी चिखलीला आत्याकडे राहून शिकलो. तो एक वर्ष मागे होता. फिजिक्स त्याला मी शिकवलं. अडलं की वही घेऊन यायचा, मी सांगितलेलं उत्तर न तपासता उतरवायचा आणि म्हणायचा, "तुम्ही म्हणता तर ठीक." पुढे आत्याच्या घरच्यांनी त्याला विमान उडवायला शिकायला पाठवलं आणि मी विमानाची चाकं खोलायला शिकलो. आजही मला दादा म्हणतो, अहो-जाहो करतो. त्याचाही मला राग यायचा. माणसानं थोडं तरी उद्धट असावं की नाही! म्हणजे समोरच्याला मनसोक्त जळता येतं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. भर दुपारी मी विमानाखाली वाकून तपासणी करत होतो. डाव्या चाकाच्या ब्रेकला जी नळी जाते, तिच्या जोडावर जांभळट तेल पाझरलेलं दिसलं. एखादा थेंब असेल. आमच्या कामात अशा वेळी डाग पुसायचा, मग दाब चढवायचा आणि तेल परत येतं का ते उभं राहून बघायचं. पुसून निघून जायचं नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. तेवढ्यात सोबतचा म्हणाला, "अरे, आज को-पायलट तुझाच भाऊ आहे."

उडण्याआधी पायलट टॉर्च घेऊन विमानाभोवती एक फेरी मारतो. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. हा येणार, माझ्या चाकाशी वाकणार, बोट दाखवणार आणि चारचौघांत गोड आवाजात म्हणणार, 'दादा, हे बघा बरं.' माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुला माझ्या कामात बोट ठेवू देतो का ते बघ! फडकं काढलं, डाग पुसला, आणि दाब चढवून बघायचं सोडून सरळ वहीत सही ठोकली.

तो आला. वाकला. चाकाचा सगळा भाग धुळीनं काळा आणि तेवढी दोन बोटं जागा चकचकीत. टॉर्च तिथेच थांबला.

"दादा, इथं काही होतं का?"

"काही नव्हतं. सहज फडकं फिरवलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणता तर ठीक." आणि जिना चढून वर गेला.

प्रवासी चढत होते. एक म्हातारी कठडा धरून पायरी-पायरीनं जात होती. मी मनाला समजावत होतो: थेंबभर तेलानं काय होतंय? पण उतरताना ब्रेक लागला नाही तर? खरं सांगतो, आधी मला भीती वाटली ती माझ्या सहीची. म्हातारीची नंतर. आणि त्याची तर सगळ्यांत शेवटी. आत्याचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी पळतच विमानाच्या नाकाशी गेलो.

खालून कॉकपिटशी बोलायचा हेडफोन मी कानाला लावला. "ब्रेक दाबून धरा. डावं चाक परत बघायचंय."

वर त्यांनी ब्रेक दाबला. जोडावर थेंब आला, दुसरा आला आणि मग बारीक धारच लागली. प्रवासी उतरवले, विमान थांबलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. आधी पुसलं होतं, हे मी कोणालाच बोललो नाही.

आणि आता शाळेतल्या या सत्कारात शाल-नारळ घेऊन झाल्यावर या शहाण्यानं माईक हातात घेतला. "तुम्ही माहा सत्कार करून राह्यले, पण त्या दिवशी दादानं विमान थांबवलं नसतं तर..." सगळी कहाणी सांगितली, स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि माझ्या खांद्यावर घातली. आई पदरानं डोळे पुसायला लागली. सलूनवाला उभा राहून ओरडला, "मेस्त्री जिंदाबाद!" टाळ्या थांबेनात. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं, आणि माझी मान वर होईना.

जेवणानंतर हात धुताना तो एकटा सापडला. मी विचारलं, "तुले ती जागा दिसली होती ना?"

"हाव दादा. तेवढीच धूळ नव्हती."

"मंग वर काऊन गेला?"

"कॅप्टन साहेबाले म्हटलं, पाच मिनिटं थांबा, खालून निरोप येईन. नसता आला, तर मीच बिघाड लिहून विमान थांबवलं असतं. पण तुम्ही सांगसान, हे मले मालूम होतं."

त्याच्या टोपीवर जळलो, फ्लेक्सवर जळलो. पण त्याचा माझ्यावर जेवढा भरवसा होता तेवढा माझा स्वतःवर नव्हता.

मी शाल काढून त्याच्या हातात दिली. "म्या पुसलं होतं," म्हणालो.

"मालूम हाय," तो म्हणाला, आणि शाल परत माझ्याच खांद्यावर टाकली.

जळतो मी त्याच्यावर अजून. आता तर जास्तच.