सायमन अंकल आणि रिकामं चेंबर

शस्त्र हातात आलं की माणसाचं खरं रूप दिसतं, असं सायमन अंकल म्हणायचे. दुबईतल्या एका शिकारी बंदुकांच्या दुकानात ते बावीस वर्षं काउंटरवर उभे होते. स्वतः त्यांनी एकही गोळी झाडलेली नव्हती.

अंकल वसईचे. दुबईला लागूनच असलेल्या अजमानमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. शनिवारी माझं दुबईतल्या अल क्वोजमधलं काम लवकर संपे; मग मी त्यांच्या दुकानात जाऊन बसे आणि त्यांच्याच गाडीतून घरी येई. भिंतीवर हरणांची मुंडकी, सोनेरी चौकटींत मालकांच्या सत्काराचे फोटो आणि मधोमध एक मोठा आरसा. परदेशात शिकारीला जाणारी तालेवार मंडळी तिथे येत. अंकलचा जीव मात्र स्वस्त बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत. दर गोळीला हातानं बोल्ट मागे ओढायचा, तसली साधी. तीन हजार दिरहम, म्हणजे आपले सत्तर हजार, हे ते मला प्रत्येक वेळी सांगत. "रायफल स्वस्तातली घे, दुर्बीण चांगली घे. दस्त्यावरच्या नक्षीनं हरण मरत नाही."

रायफल दाखवायची त्यांची एक रीत होती. आधी चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं असल्याची खात्री करायची, बोल्ट बंद करायचा आणि काही न बोलता गिऱ्हाइकासमोर ठेवायची. "आधी चेंबरमध्ये बघतो तो शिकारी. आधी आरशात बघतो, त्याला नुसता फोटो हवा." आरशात बघणाऱ्याला ते गोड बोलून टाळत. स्टॉक संपलाय, इन्शाल्ला पुढच्या महिन्यात. "परवाना सरकार देतं," ते मला म्हणत, "रायफल मी देतो."

मागच्या वर्षी मालकाचा भाचा आला. मालकांना सगळे अरबाब म्हणत. अंकलचा व्हिसा त्यांच्याच हातात होता आणि धाकटी मुलगी वसईत नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. भाच्याची पहिलीच शिकार. स्वस्तातली घे, असं मामानं बजावलेलं. त्यानं रायफल उचलली, आरशात पाहिलं, मग हसत हसत नळी अंकलच्या छातीवर आणली आणि ट्रिगर दाबला.

टक् असा बारीक आवाज झाला. चेंबर रिकामं आहे हे दुकानात फक्त अंकलना माहीत होतं. त्या दिवशी ते तपासत असताना माझं लक्ष नव्हतं, त्यामुळे मला माहीत नव्हतं. भाच्याला तर नव्हतंच.

अंकलनी रायफल त्याच्या हातातून काढून घेतली, तिला 'डिफेक्टिव्ह'चं लेबल बांधलं आणि सॉरी म्हणाले. भाच्याचं हसू थांबलं. तो फोनवर मामाशी बोलतच बाहेर पडला.

अजमानला गाडी लावताना अंकल म्हणाले, "मी घाबरलो असतो ना, तर त्यानं परत दाबला असता."

आठवडाभर अरबाबकडून काही निरोप आला नाही. फोन वाजला की अंकल आधी नाव बघत, मग उचलत. एका संध्याकाळी माळ्यावरची मोठी बॅग त्यांच्या गॅलरीत उन्हाला पडलेली दिसली.

पुढच्या शनिवारी अरबाब स्वतः आले. अंकलनी लेबलासकट रायफल समोर ठेवली. म्हाताऱ्यानं आधी बोल्ट उघडला, चेंबरमध्ये बोट घालून पाहिलं, मग बोल्ट बंद केला आणि नळी भिंतीकडे करून ट्रिगर दाबला.

"सायमन, इसमें क्या खराबी है?"

"अरबाब, रायफल में कुछ नहीं."

अरबाबनी रायफलीवरून नजर अंकलकडे वळवली. खोट कुणात आहे ते त्यांना कळलं होतं. मला बसल्या जागेवरून ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी लेबल सोडवून खिशात घातलं, "खलास" म्हणाले आणि रायफल भाच्यासाठी बाजूला काढून ठेवायला सांगितली.

त्यानंतर अंकलचा व्हिसा पुढे वाढला नाही. कारण वयाचं सांगितलं. निरोप समारंभ मात्र थाटात झाला. फुलांची कमान होती, तीन भाषणं झाली आणि एक पितळी ढाल दिली गेली, तिच्यावर 'शौर्य' कोरलेलं. उद्यापासून काउंटर भाचा सांभाळेल, असं शेवटच्या भाषणात जाहीर झालं. टाळ्या झाल्या.

केक रायफलच्या आकाराचा होता, नळी पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांकडे. अंकलनी सुरी खाली ठेवली, दोन्ही हातांनी ट्रे फिरवून नळी भिंतीकडे केली आणि मग बरोबर चेंबरच्या जागी कापलं. पाहुणे हसले. अरबाब हसले नाहीत.

या वेळी चेंबर रिकामं नव्हतं; आत अननस होता.