नाव घेणारी माणसं

कालव्याचा पूल मागे पडला तेव्हा कोकिळाबाईंनी पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि पुढे पाहिलं. मधुकरराव तसेच मान खाली घालून, पाय ओढत चालले होते. सिंदी स्टेशनावर पॅसेंजरमधून उतरल्यापासून त्यांनी धड तोंड उघडलं नव्हतं. एरवी या माणसासोबत चालायचं म्हणजे कान किटून जायचे. हे शेत कोणाचं, त्याच्या सुनेचं माहेर कुठलं, त्या माहेरात कोणाची सोयरीक आपण जमवली, सगळं ऐकावं लागायचं. आज दोन्ही बाजूंना कापूस वेचणीला आला होता, बाया वाकून वेचत होत्या, आणि मधुकररावांनी कोणीकडेही मान वळवली नाही.

"भाऊजी, जरा थांबता का? चपलेत काटा घुसला."

ते थांबले. "काढा. मी काही पळून नाई राह्यलो."

"पळाले असते तं बरं झालं असतं. जिवंत आहात एवढं तरी समजलं असतं."

ते हसले नाहीत. कोकिळाबाईंनी काटा काढला, पायाखालच्या मातीला हात लावून कपाळाला लावला आणि पुन्हा मनातल्या मनात नाम घेत चालू लागल्या. चालताना नाम घ्यायची त्यांची जुनी सवय. आज मात्र नामाच्या मधे मधे रीता येत होती.

रीता म्हणजे देवळीला दिलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. तिचा झालेला साखरपुडा मोडला होता आणि त्यानंतर कोणी तिला पाहायला आलं नव्हतं. आज दोघं निघाले होते ते पुढच्या गावच्या नानाजींकडे. त्यांच्या मुलाचं, अंकितचं, सिंदीत बी-बियाण्यांचं दुकान होतं. इथंही नकार आला तर देवळीत उरलासुरला संशयसुद्धा खरा ठरणार होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मधुकरराव पूर्वी वर्ध्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. जिनिंग बंद पडली, तेव्हा नव्वदच्या आसपास त्यांनी घराच्या पुढल्या खोलीवर 'शुभयोग वधू-वर सूचक केंद्र' अशी पाटी लावली. लोक सुरुवातीला हसले. पण त्यांची कामाची रीतच वेगळी होती. स्थळ पाहायला जायचं तर फाट्यावर उतरून पायी जायचं. "एसटी माणसाले थेट दारात नेऊन सोडते," ते म्हणायचे, "अन् दारात पाहुणा दिसला का समोरचा माणूस इस्त्रीचे कपडे घालूनच बाहेर येते." म्हणून ते मागच्या वाटेनं गावात शिरायचे. आटाचक्कीवर टेकायचे, नळावर पाणी मागायचे, गुरं राखणाऱ्याशी तंबाखू मळायचे. नवऱ्या मुलाच्या ओसरीवर पोचेपर्यंत अर्धं घर त्यांना कळलेलं असायचं.

उरलेलं अर्धं घर आत, स्वयंपाकघरात. तिथं आधी त्यांच्या बायको मंदाबाई जायच्या. गुडघे धरल्यावर त्यांनी भजनी मंडळातल्या आपल्या मैत्रिणीला, कोकिळाबाईंना, पुढे केलं. "तूच जात जाय वो यायच्यासंग. आत काय शिजते ते या माणसाले काही समजत नाई. बाहेर गोड बोलले का हे विरघळलेच." मग कोकिळाबाई चूल पाहायच्या, मोठ्या सुनेला हाक कशी मारतात ते ऐकायच्या, घरातला कान तुटलेला कप कोणाच्या वाट्याला येतो तेही पाहायच्या. परत येताना दोघं आपापलं जोडून बघायचे. जुळलं, तरच मधुकरराव शब्द टाकायचे. लग्नात त्यांना नारळ-टोपीचा मान असायचा, आणि त्या टोपीचं त्यांना फार अप्रूप होतं.

दोन हजार सात-आठच्या सुमाराला वारं फिरलं. पोरं पुण्याला नोकरीला लागली आणि स्थळंही काँप्युटरवर शोधू लागली. एसटी स्टँडजवळ काँप्युटर क्लास चालवणाऱ्या धीरजनं केंद्राची वेबसाइट करून दिली. पण शोधलं की नागपूरची मोठी केंद्रं वर दिसायची आणि शुभयोग पार तिसऱ्या पानावर. तिथवर कोण जातं?

धीरजनं उपाय सांगितला तेव्हा कोकिळाबाई तिथंच होत्या, गुरुवारचा प्रसाद द्यायला आलेल्या.

"काका, दुसऱ्या साइटींनी तुमची लिंक टाकली पाहिजे. त्याले बॅकलिंक म्हणतात. जितके लोक तुमचं नाव घेतील, तितकं गूगलले वाटते का हा माणूस भरवशाचा आहे. मग वर आणते तुमाले."

मधुकररावांचा चेहरा उजळला. "म्हणजे मध्यस्थच ना बाप्पा! हेच तं मी इतके वर्षं करून राह्यलो."

"तसंच समजा. फक्त हे विकत भेटतात."

"मध्यस्थ विकत?"

"गठ्ठ्यानं."

"मग त्या लोकायचे पत्ते लिहून घेजो. लग्नसराईत एकेकाले नारळ-टोपी पाठवून देऊ. आपलं नाव घेतील, अन् त्यायले कोरडंच ठेवायचं का?"

धीरज इतका हसला की चहा बशीतून खाली सांडला. "काका, टोपी कोणाच्या डोक्यावर ठेवता? ते कुठच्या कुठं असतात. तुमचं तोंड बी त्यायले माहीत नाई."

"तोंड माहीत नाई तं नाव काऊन घेतील?"

"पैसे दिले म्हणून."

मंदाबाई आतून म्हणाल्या, "नका बाई असल्या भानगडीत पडू." पण त्या दिवसांत आठवडेच्या आठवडे केंद्राचा फोन वाजत नव्हता, आणि रिकाम्या खोलीत बसून मधुकररावांचा जीव विटला होता. त्यांनी होकाराची मान हलवली. घर पाहिल्याशिवाय कधी कोणासाठी शब्द न टाकणारा हा माणूस, न पाहिलेल्यांनी आपल्यासाठी शब्द टाकावा म्हणून तयार झाला.

आणि लागू पडलं. शुभयोग पहिल्या पानावर आलं, फोन वाजू लागला. पुण्याच्या एका इंजिनियरचं स्थळ तसंच आलं आणि रीतासाठी जुळलं. पायी जाऊन पाहावं असं गाव ते नव्हतंच; फोनवरच बोलणी झाली. साखरपुड्याला मधुकररावांनी देवळीत भरजरी टोपी मिरवली.

लग्नाची तारीख काढायच्या आधी मुलाच्या काकांनी केंद्राचं नाव काँप्युटरवर टाकून पाहिलं. ते कुठं कुठं निघालं ते त्यांनी रीताच्या वडिलांना फोनवर ऐकवलं आणि वर म्हणाले, "तुमच्या मुलीचं स्थळ कुठल्या बाजारातून आलं, ते आम्हाला कळलं." साखरपुडा मोडला.

धीरजनं घाबरत घाबरत ती पानं दाखवली. जुगाराच्या जाहिराती, ताकदीच्या गोळ्या, उघड्या बाया, आणि त्यांच्या मधोमध इंग्रजीत 'लग्नासाठी वर्ध्याच्या मुली', खाली शुभयोगचं नाव. मधुकररावांनी डोळे मिटून घेतले. "बंद कर," म्हणाले. "काढून टाक."

"काका, मी लिहिलं त्यायले. कोणी उत्तरच देत नाई. ज्यानं गठ्ठा दिला त्याचा फोन बंद आहे." धीरज रडवेला झाला होता. "माह्यंच चुकलं. मी तरी कुठं पाहिलं होतं, ते कोणत्या जागी टाकतात म्हणून."

पुढे ही नावं विकतची आहेत हे गूगलनं ओळखलं, आणि शुभयोगची साइट शोधूनही सापडेनाशी झाली. त्या घाणीतलं नाव मात्र होतं तिथंच राहिलं.

देवळीत भलतंच पसरलं. रीताचा फोटो असल्या ठिकाणी होता म्हणे. तो कुठंच नव्हता. पण ज्यांनी ती पानं उघडली होती ते उघडल्याचं कबूल करत नव्हते, आणि ज्यांनी उघडली नव्हती ते ऐकलेलं पुढे सांगत होते. रीतानं बाहेर निघणं सोडलं. तिच्या आईनं मधुकररावांचं आणि त्यांच्याबरोबर कोकिळाबाईंचंही तोंड पाहणं सोडलं. कोकिळाबाई देवापुढं बसायच्या, आणि नेमकं मागायचं काय तेच त्यांना सुचायचं नाही. मंदाबाईंनी केंद्राची पाटी उतरवून न्हाणीच्या भिंतीला उलटी टेकवून ठेवली.

त्यानंतर मधुकररावांनी हे एकच स्थळ शोधलं. उन्हापावसात एकटेच या गावाला येत राहिले. कोकिळाबाईंना त्यांनी परवा येऊन सांगितलं, "बाहेरचं झालं. आतलं तुम्ही पाहून घ्या."

गावाबाहेरच्या मारुतीच्या पारापाशी ते थांबले. मारुतीला कोणीतरी ताजा शेंदूर लावला होता. ते पारावर टेकले आणि कापडी पिशवीतून नारळ काढून कोकिळाबाईंच्या हातात दिला.

"इथून तुम्ही एकट्या जा, ताई."

"एकटी? अन् ओसरीत नानाजींसंग कोण बसन? मारुतीराया?"

"पोरगं चांगलं आहे. आटाचक्कीवर विचारलं, नळावर विचारलं. मायशी बोलताना आवाज चढवत नाई. कोणाले मी कोण ते सांगतलं नाई."

"काऊन असं करता, भाऊजी? इतक्या दूर चालवत आणलं ते काय पारावर बसाले?"

"पोरीचं काही लपवू नका. साखरपुडा मोडला, कशानं मोडला, सारं सांगजा. तिच्यात काही खोट नव्हती, मध्यस्थाचं चुकलं, असं म्हणजा."

"अन् हे स्थळ कोणी सुचवलं म्हणून विचारलं तं?"

"मावशीनं पाहिलं म्हणजा."

"खोटं बोलू? नारळ हातात घेऊन?"

"खोटं कुठं आहे? आतलं सारं नेहमी तुम्हीच पाहत आल्या ना." ते मारुतीकडे पाहत होते, कोकिळाबाईंकडे नाही. "तुमचं नाव चांगलं आहे, ताई. त्या पोरीसाठी तेच पुढं करा. त्यायनं कितीबी खोदून विचारलं, तरी त्या घरात माह्यं नाव तेवढं घेऊ नका."