रिकामा दिसणारा वाफा

श्री. रावजी सोमा तांबे यांची नि माझी ओळख वर्गाच्या खिडकीतून झाली. परळच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी शास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते. माझे स्वतःचे शिक्षण कॉन्व्हेंटमधले. फुलाचे भाग शिकवताना मी फळ्यावर बटरकप नावाचे विलायती फूल काढले. ते मी जन्मात पाहिले नव्हते, आणि मुलींनीही नाही. शाळेचे माळी रावजी झारी घेऊन खिडकीबाहेर उभे होते. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पांढऱ्या फुलांची एक डहाळी होती.

"बाई, ही फुलं पोरींनी गावाला बघितल्येत," ते दारातूनच म्हणाले. "त्यांनाच विचारा की."

मी विचारले. मागच्या बाकावरची, कधी तोंड न उघडणारी एक मुलगी उठून म्हणाली, "कुडा. पोट बिघडलं की आजी याची साल उगाळून देते." मला कुडा ठाऊक नव्हता. त्या दिवसापासून मी रावजींची विद्यार्थिनी झाले. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी अजून आहे.

संस्थेने रावजींना क्रोटन आणि गुलाब लावायला नेमले होते. ते त्यांनी पुढच्या अंगणात लावले, आणि शाळेमागच्या पडीक जागेत कोकणातली नि घाटावरची झाडे वाढवली. बी आणले ते लालबाग-परळच्या चाळींतल्या गिरणी कामगारांनी. शिमग्याला, गणपतीला गावी निघालेल्या प्रत्येकाला रावजी तेवढे एकच काम सांगत. रविवारी ही मंडळी बाग पाहायला येतात. रावजी आधी गाव विचारतात आणि मग थेट त्या गावाकडच्या झाडापाशी नेतात. आठवडाभर साच्यावर उभा राहिलेला माणूस आपल्या मुलखातल्या सुरंगीखाली कसा गप्प होतो, हे आमच्या विश्वस्तांनी एकदा यावे आणि पाहावे. इतक्या वर्षांत एकही फिरकलेला नाही.

त्यांचा एक नियम आहे. रानात झाड थोडे असेल, तर हात लावायचा नाही. एकदा ते रजा टाकून चिपळूणकडच्या डोंगरात जमिनीत कंद धरणाऱ्या एका पांढऱ्या आमरीसाठी, म्हणजे ऑर्किडसाठी, गेले आणि हात हलवत परतले. त्या वेळचे चिटणीस सगळ्यांदेखत हसले. रावजी म्हणाले, "दोनच होत्या, साहेब. एक आणली असती तर दुसरी एकटी पडली असती." पुढे चार वर्षे ते दर पावसाळ्यात जाऊन मोजून आले. रोपे वाढली, तेव्हा एक कंद आणला.

बागेतले कोणाला काही न देणारे हे गृहस्थ माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा दादरला आमच्या दारात उभे राहिले. तिने शेवळांच्या भाजीचा हट्ट धरल्याचे मी शाळेत सहज बोलले होते. पिशवीत बागेतली शेवळे होती आणि वर मूठभर काकडे ही आंबट रानफळे. "काकडं घालायला विसरू नका, बाई. नाहीतर आईंचा घसा खाजेल." आई त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

ती शेवळे ज्या वाफ्यातली, त्याविषयी आता लिहायचे आहे. शेवळे, कळलावी, मुसळी, रानहळद आणि ती आमरी, सगळे कंद तिथे आहेत. पावसाळ्यात वर येतात, दिवाळीपर्यंत वाळून जातात. उरलेले महिने तिथे नुसती माती दिसते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आमच्या रस्त्यावर लाठीमार झाला, तेव्हा गिरणीतले चौघे तरुण भिंतीवरून बागेत उतरले. मी तिथेच होते. रावजींनी त्यांना अवजारांच्या खोलीमागे बसवले. "लपा, पण त्या वाफ्यात पाय नको."

"बाबा, तिथं तर काहीच नाही," एक जण म्हणाला.

"आहे. झोपलंय."

मागोमाग हवालदार आला. त्यालाही रावजींनी वाफ्यात पाय नको म्हणून सांगितले. तो वाफ्याला वळसा घालून गेटापर्यंत गेला आणि निघून गेला.

हवालदाराला जे कळले, ते आमच्या गौरव समितीला कळत नाही. राज्य मिळाले, रावजींना साठ वर्षे पूर्ण झाली, आणि समितीने मागच्या 'रिकाम्या जागेवर' त्यांच्या नावाचे सभागृह बांधायचे ठरवले. पाहणी झाली भर चैत्रात. हा मराठी मातीचा सन्मान आहे, असे अध्यक्ष म्हणाले. मातीवर सिमेंट ओतून तिचा सन्मान कसा होतो, असे मी विचारले, तेवढ्यात चहा आला. नंतर मी चार पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर नाही. आता पत्रे लिहिण्याचाही कंटाळा आला आहे. पाचव्या पत्राऐवजी हा लेख आहे. संपादकांनी तो न कापता छापण्याचे कबूल केले आहे.

तुम्ही का बोलला नाहीत, असे मी रावजींना विचारले. ते म्हणाले, "त्या सभेत मला खुर्ची दिली, बाई. तीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्यात बसून नको कसं म्हणायचं?"

शिक्षकांच्या खोलीत रावजींचा कप वेगळा, खिडकीत पालथा असे. तो मी वर्षानुवर्षे पाहिला आणि एक अक्षर बोलले नाही. त्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर तो कप त्यांनी स्वतःच उचलून नेला. आज त्यांच्या नावामागे 'माननीय' छापणारे आम्ही सगळे तेव्हा तिथेच चहा पीत होतो.

गेल्या आठवड्यात मी गेले, तर रावजी उकिडवे बसून एकेक कंद काढून डालड्याच्या डब्यांत लावत होते. किती जगतील, असे विचारले. निम्मे, म्हणाले. आमरी मात्र एकदा रुजली की पुन्हा जागा बदललेली सोसत नाही. पूर्वी तिची दोन पिल्ले हलवून पाहिली, दोन्ही कुजली. तिला ते हात लावणार नाहीत.

गौरव निधीच्या वर्गणीदारांनो, सभागृह हवेच असेल तर शाळेवर मजला चढवा. निदान श्रावणापर्यंत थांबा, बागेत या आणि मग ठरवा.

गौरव समारंभात रावजींना दोन शब्द बोलायला सांगणार आहेत. ते त्यांनी त्याच खुर्चीतून, बसल्या बसल्या बोलावेत, आणि त्यांतला एक 'नको' असावा, ही माझी इच्छा. त्यांचे गुडघे आणि डोळे शाबूत राहोत. त्यांना पुष्कळ, पुष्कळ आयुष्य लाभो. त्या मातीत कुठे काय आहे, हे त्यांच्याखेरीज अजून कोणालाही ठाऊक नाही.